'ब्रेड अँड बटर' मराठीत आणताना : भाकरी कुठे, पोळी कुठे आणि मस्का कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंग्रजी लेखाचं भाषांतर चाललंय, लेख एका म्हाताऱ्या वकिलाच्या आठवणींचा आणि त्यात 'ब्रेड अँड बटर' चार ठिकाणी आलंय. एकदा "मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद हे आमच्या ऑफिसचं ब्रेड अँड बटर होतं" असं, एकदा ऑफिसातल्या कारकुनाबद्दल "आपल्या ब्रेडच्या कुठल्या बाजूला बटर लागलंय हे त्याला बरोबर कळायचं" असं, एकदा निवडणुकीतले ब्रेड अँड बटरचे मुद्दे, आणि शेवटी म्हातारपणी संध्याकाळी खिडकीत बसून खाल्लेला खराखुरा ब्रेड-बटर. तुम्ही सगळीकडे 'दालरोटी' लिहिलंत, संपादकबाईंनी सगळीकडे 'लोणी-पाव' केलं, आता बरोबर कोण?

दोघंही नाही. पण बाईंपेक्षा तुम्ही जरा जवळ आहात, फक्त दालरोटी ही हिंदीतून आलेली पाहुणी आहे, बोलताना चालून जाते, लिहिताना मराठी वाक्यात ती थोडी बाहेरची दिसते.

मी गेली २६ वर्षं भाषांतराच्या धंद्यात आहे, कंपन्यांचे अहवाल, मशीनची मॅन्युअलं, कोर्टाचे कागद, मधली काही वर्षं सबटायटल, आणि कधीतरी कुणी दिलंच तर साहित्य. ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून हक्काने सांगतो. अगदी सुरुवातीला एका पंप बनवणाऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला होता, त्यात चेअरमनने लिहिलेलं की तीन हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक पंप हा आमचा ब्रेड अँड बटर आहे. मी २३ वर्षांचा, डिक्शनरी हातात, ठोकून दिलं 'हा पंप म्हणजे आमचा पाव आणि लोणी आहे'. छापायच्या आदल्या दिवशी तिथल्या अकाउंट्समधल्या एका काकांचा फोन, "अहो, हा पंप विहिरीत सोडायचा का चहात बुडवायचा?" मग तेच म्हणाले, लिहा की सरळ, कंपनीचं पोट या पंपावर आहे. मी लिहिलं. आजही ते वाक्य मला आवडतं, कारण त्यात खायचा एकही पदार्थ नाही आणि तरी अर्थ जसाच्या तसा आलाय.

तर मूळ गोष्ट अशी की इंग्रजीत एकाच ताटलीत सगळं बसलंय. रोजी-रोटी पण तीच, स्वार्थ पण तोच आणि साधं सुख पण तेच. मराठीत आपण ही कामं वेगवेगळ्या पदार्थांना वाटून दिलीयत. पोटापाण्याचं खातं भाकरीकडे, स्वार्थाचं पोळी आणि तुपाकडे, खुशामतीचं लोणी-मस्क्याकडे, आणि पाव बिचारा यातल्या कशातच नाही, त्याच्या वाट्याला नुसती मजा आली. कसं ते बघू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की चारही वाक्यं आपोआप सुटतात.

भाकरीचं पटकन उरकतो. मीठभाकर, चटणीभाकर, अर्धी भाकर, भाकरीचा प्रश्न, ह्यात कुठेही लबाडी नाही. भाकरी म्हणजे जगायला लागतं तेवढं. राजकारणात शिरली तरी ती स्वयंपाकघरातच राहते, २०२३ मध्ये शरद पवार भाकरी फिरवायची भाषा बोलले तेव्हा त्याचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजवावा लागला नाही, तव्यावर वेळेवर उलटली नाही तर करपते हे प्रत्येकाने घरात बघितलेलं असतं. त्यामुळे तुमचं पहिलं आणि तिसरं वाक्य भाकरीच्या किंवा पोटाच्या खात्यात जातं. पहिलं 'आमच्या ऑफिसचं पोट मृत्युपत्रांवर आणि जमिनीच्या कागदांवर भरायचं'. तिसरं सरळ 'भाकरीचे प्रश्न' किंवा 'महागाई आणि पोटापाण्याचे प्रश्न', तिथे डोकं लावू नका.

दुसरं वाक्य खरं मजेचं आहे, तिथे थांबायला हवं.

ब्रेडच्या कुठल्या बाजूला बटर लागलंय ते कळणं, ही इंग्रजी म्हण चांगलीच जुनी, १५४६ मध्ये जॉन हेवूडने म्हणी गोळा करून छापल्या त्यात ती आहे. म्हणजे इकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता तेव्हापासून तिकडची माणसं बटरची बाजू ओळखून आहेत. आता ही म्हण दिसली की दहातले आठ भाषांतरकार 'आपल्या पोळीवर तूप ओढणं' लिहितात. शब्दांना शब्द किती छान बसतात ना, ब्रेडला पोळी, बटरला तूप, संपलं. पण अर्थ चुकतो.

पंगत डोळ्यासमोर आणा. पान वाढलेलं, तूप वाढणारा पळीने धार सोडत पुढे सरकतोय, त्याचा हात काही कुणासाठी थांबत नाही, थोडं तूप पोळीवर पडतं, थोडं भातावर, थोडं पानावरच सांडतं आणि पातळ असेल तर उतार मिळेल तिकडे निघतं. आणि आता त्याच पानात शेजारी धाकटा भाऊ पण जेवायला बसलाय असं समजा. ज्याचं बोट आधी गेलं त्याने ते तूप आपल्या बाजूला ओढलं. मला तरी ह्या वाक्प्रचारातलं 'ओढणं' असंच दिसतं. यात दुसऱ्याचं कमी होतं. दोघांचं असलेलं एकाने लाटलं, असा त्याचा वास आहे.

इंग्रजी कारकून तसं काही करत नाहीये. तो कुणाचं ओढत नाही, तो फक्त ओळखून आहे की आपल्याला तूप कोण वाढतो, आणि त्या माणसाला दुखवायचं नाही. ह्याला आपल्याकडे तयार म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. बघा, इथे पण पोळीच आहे, पण हात दुसरीकडे गेलाय, तिथे तुपाकडे होता, इथे टाळीकडे. तुमच्या कारकुनासाठी हीच म्हण. फक्त सगळी म्हण उतरवू नका, ती म्हटली की वाक्य शाळेच्या निबंधासारखं वाजतं. 'कुणाची पोळी खातोय आणि टाळी कुणासाठी वाजवायची हे त्याला बरोबर कळायचं', असं मोडून वापरा.

आणि तिसरी पोळी राहिली, स्वतःची पोळी भाजून घेणं. पेपरात रोज असते. यात आग दुसऱ्याच्या घराला लागलेली असते आणि हा तिच्यावर आपला तवा ठेवतो. म्हणजे बघा, ओढणं म्हणजे वाट्यातला स्वार्थ, टाळी म्हणजे चाकरीतला स्वार्थ आणि भाजणं म्हणजे संधीसाधूपणा. तीन पोळ्या, तीन वेगळी माणसं. तुमच्या लेखात पुढे तो कारकून वकिलाच्या भागीदारांचं भांडण लागल्यावर पगार वाढवून घेतो असं काही असेल, तर तिथे खुशाल पोळी भाजू द्या त्याला.

आता गंमत अशी की ह्याच 'भाजणं' क्रियापदाला भाकरी जोडली की अर्थ बरोब्बर उलटा होतो. लष्करच्या भाकऱ्या भाजणं! स्वतःचा काडीचा फायदा नसताना घरचं खाऊन दुसऱ्यासाठी राबणं. पोळी भाजतो तो स्वार्थी आणि भाकऱ्या भाजतो तो भोळा, तवा तोच. बरीच वर्षं मला ह्याचं कारण कळत नव्हतं. मग एकदा कोल्हापूरकडच्या सहकाऱ्याने सहज सांगितलं की आमच्याकडे रोजची ती चपाती, पोळी म्हटलं की पुरणाची, सणाची. तेव्हा लख्ख उजेड पडला. आम्ही पुण्यात रोज पोळी-पोळी करतो त्यामुळे ध्यानात येत नाही, पण महाराष्ट्रात अगदी परवापरवापर्यंत बहुतेक घरांत रोजची भाकरीच होती, गहू सणावाराला. पोळी आणि वर तूप म्हणजे चैन. आणि गरजेला कुणी स्वार्थ म्हणत नाही, चैनीला म्हणतो, म्हणून म्हणींनी स्वार्थाला पोळी दिली आणि पोटाला भाकरी ठेवली. हे माझं मत आहे, कुणा भाषाशास्त्रज्ञाचं नाही, पण २६ वर्षांत त्याला छेद जाईल असा वाक्प्रचार मला काही सापडलेला नाही, तुम्हाला सापडला तर जरूर कळवा.

एक गोष्ट मात्र यातून हाताशी लागते. इंग्रजीतला ब्रेड अँड बटर वाला स्वार्थ बऱ्याचदा कोरा असतो, चांगला नाही वाईट नाही, माणूस आपलं हित बघतो एवढंच. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मांडलं तसं, बेकरीवाला तुम्हाला ब्रेड देतो तो दयेपोटी नाही, स्वतःचं हित बघून देतो, आणि त्यात काही वावगं नाही. असा निर्मळ स्वार्थ मराठी पोळीतुपात बसतच नाही. पोळीतूप आलं की निंदा आलीच. तेव्हा कोरा स्वार्थ आणायचा असेल तर पोटाकडे जा, 'पोटासाठी करावं लागतं', 'पोटाची खळगी भरायची असते', मराठी माणूस पोटाला लगेच माफ करतो.

आता लोणी. बाईंनी 'लोणी' घातलंय तिथे मला खरा धोका दिसतो, कारण लोणी हा शब्द मराठीत अजिबात कोरा नाही. एकीकडे तो देवाचा आहे, बाळकृष्णाच्या हातातला गोळा, पंढरपूरला पहाटे काकड्याला विठोबाला लोणी-खडीसाखर. दुसरीकडे मढ्याच्या टाळूवरचं लोणी, म्हणजे त्याहून खालचं काही उरलेलं नाही. आणि दोन मांजरांच्या भांडणात माकडाने तागडी हलवत हलवत संपवलेला गोळा पण लोण्याचाच. मध्ये लोणी लावणं, म्हणजे खुशामत. तुम्ही 'वकिलाचं लोणी' लिहिलंत तर कोर्टातली कागदपत्रं वाचलेला माणूस पहिल्यांदा टाळूच आठवणार हो, त्यातून विषय मृत्युपत्रांचा!

खुशामतीच्या लोण्याची तर वेगळीच कथा आहे. मस्का हा शब्द फारसी, तिथे त्याचा अर्थ साधा लोणी. मुंबईत इराण्यांच्या हॉटेलात पावाला लागला आणि बोलण्यात माणसांना लागायला लागला. मस्का मारणं, मस्का पॉलिश. पण जुन्या मुंबईकरांच्या तोंडी आणखी एक शब्द होता, 'पॉल्सन मारतोय साहेबाला'. पॉल्सन हा बटरचा ब्रँड, पेस्तनजी एदलजी दलाल नावाच्या पारशी गृहस्थांचा, १९३० मध्ये त्यांनी गुजरातेत आणंदला डेअरी काढली, आणि बटर म्हणजे पॉल्सन असं इतकं घट्ट झालं की खुशामतीलाही तेच नाव मिळालं. कुठल्याही ब्रँडला याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय मिळणार.

आणि ह्याच आणंदमध्ये बटरवरून स्वार्थाचा एक खराखुरा किस्सा घडलाय जो मी शिकवताना नेहमी सांगतो. १९४५ मध्ये मुंबईला दूध पुरवायची सरकारी योजना आली, खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करायचं काम पॉल्सनकडे, शेतकऱ्याच्या हातात पडायचं थोडं आणि मधल्यामध्ये राहायचं जास्त. सरदार पटेलांनी सल्ला दिला की स्वतःची सोसायटी काढा, मोरारजी देसाई तिकडे गेले, त्रिभुवनदास पटेल पुढे झाले, शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घातलं नाही, आणि १४ डिसेंबर १९४६ ला तो संघ रजिस्टर झाला ज्याला आज आपण अमूल म्हणून ओळखतो. आता हे मराठीत सांगताना 'शेतकऱ्यांनी आपल्या पोळीवर तूप ओढलं' म्हणाल का? तथ्य तेच आहे, तूप खरोखर त्यांनी आपल्याकडे वळवलं, पण म्हणताना जीभ अडखळते, कारण त्या वाक्प्रचारात ते चोर ठरतात. मी वर्गात विचारतो तेव्हा मुलं बरोबर उत्तर देतात, "सर, त्यांच्या ताटातलं तूप दुसरा खात होता ना." मग लिहा तसं. जर्मन भाषेत ह्यासाठी स्वतंत्र म्हण आहे, आपल्या ब्रेडवरचं बटर कुणाला उचलू न देणं, म्हणजे आपल्या हक्कासाठी उभं राहणं, आणि ती तिकडे कौतुकाने म्हणतात. आपल्याकडे ती जागा रिकामी आहे, जवळात जवळ 'हक्काची भाकरी', परत भाकरीच बघा.

हे खूप झालं, आता पावाकडे येऊ, कारण तुमचं चौथं वाक्य तिथे आहे.

पाव पोर्तुगीजांबरोबर आला, शब्द पण त्यांचाच. चार मिळून होतो म्हणून पाव, किंवा पायाने मळतात म्हणून पाव, ही दोन्ही ऐकायला गोड पण खोटी उत्पत्ती आहे, कुठे लिहू नका. गोव्यात पीठ माडीने, म्हणजे माडाच्या ताडीने, आंबवायचे, पोदेर म्हणजे तिथला पाववाला सायकलवर टोपली बांधून सकाळ-संध्याकाळ दारात. पण घाटावर आणि विशेषतः सोवळ्या घरांत पाव म्हणजे बाटवणारी वस्तू, विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्यायले आणि गावच्या गाव बाटलं, ह्या वसई-गोव्याकडच्या गोष्टी आमच्या आजीपर्यंत पोचल्या होत्या, तिने शेवटपर्यंत पावाला हात लावला नाही आणि आजोबा हॉटेलात जाऊन खायचे हे तिला माहीत होतं. अशा वस्तूवर रोजी-रोटीची म्हण कशी होणार? जो पदार्थ घरातच येत नाही तो पोटाचं प्रतीक होत नाही, तो चोरून खायची मजा होतो.

पुढे मुंबईत पाव खरोखर लोकांचं पोट झाला, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर कितीतरी गिरणगावच्या घरांनी वडापावच्या गाडीवर संसार ओढले. तरीही 'माझा वडापाव चाललाय' असं कुणी नोकरीबद्दल म्हणत नाही. भाषा जरा मागून चालते.

पण साधं सुख म्हणाल तर मराठीत त्याचा पत्ता बन मस्काच. मी सबटायटलच्या दिवसांत रात्रभर काम करून सकाळी डेक्कनला इराण्याकडे जाऊन बसायचो. बन मधून कापलेला, मस्का नुसता मध्यभागी थापलेला नाही तर कडेपर्यंत ओढलेला (इथे कुणी कुणाचं ओढत नाही), वर सुरी मारून तीन-चार तुकडे. पहिला तुकडा कोरडा खायचा. दुसरा चहात, पण पटकन, मोजून एक-दोन, नाहीतर बन खाली बसतो आणि बशीत चमच्याने शोधावा लागतो. तुकडा बाहेर काढला की चहावर मस्क्याचे बारीक पिवळे डोळे तरंगायला लागतात, आणि शेवटचा घोट थोडा खारट लागतो. त्या घोटासाठी मी अख्खा कप प्यायचो. खिशात फारसे पैसे नसायचे, कामाचे पैसे तीन-तीन महिने यायचे नाहीत, आणि तरी त्या अर्ध्या तासात मला कशाचीच कमी नसायची. समोर प्रूफं असायची, त्यांच्यावर डाग पडलेले अजून माझ्याकडे आहेत.

म्हणजे म्हाताऱ्याचं वाक्य बन मस्का करायचं? नाही! तो इंग्लंडातल्या गावात खिडकीत बसलाय, त्याला उचलून डेक्कनला आणायचं काही कारण नाही. आणि 'ब्रेड-बटर' तसंच ठेवलं तर वेगळाच घोटाळा, कारण आपल्याकडे बेकरीत 'बटर' नावाचा एक कडक, गोल, जिरं घातलेला पदार्थ बरणीत मिळतो जो चहात बुडवल्याशिवाय दाताला ऐकत नाही, मिरजेच्या वाचकाला पहिला तोच आठवेल. मला एकदा एका वाचकाने विचारलं होतं की साहेब लोक पावाबरोबर बटर का खातात, दोन्ही कोरडंच की. 'लोणी-पाव' असं जोडून लिहिलं की बाईंचा लोणी-पाव होतो, एखाद्या पदार्थाचं नाव असल्यासारखा, आणि असा पदार्थ आपल्याकडे कुणी मागत नाही. इथे रूपक शोधूच नका, हात दाखवा. 'संध्याकाळी खिडकीत बसून तो पावाच्या दोन कापांना लोणी लावायचा आणि सावकाश खायचा.' इथे लोणी चालतं, कारण ते पावाला लावलंय, माणसाला नाही, क्रिया दिसली की टाळूबिळू काही आठवत नाही. 'स्लाइस' म्हटलंत तरी हरकत नाही, आपण सगळे तेच म्हणतो.

फक्त एक. लेखकाने पहिल्या वाक्यात आणि शेवटच्या वाक्यात मुद्दाम तेच शब्द ठेवलेत, आयुष्यभर ज्याच्यासाठी खटपट केली ते शेवटी बशीत आलं असा त्याचा खेळ आहे, आणि मी सांगितलं तसं केलंत तर तो खेळ तुटतो. मी दोन दिवस ह्याच्यावर डोकं चालवलं. एक वाट अशी दिसते की पहिल्या वाक्यात पोटाच्या जागी चतकोर आणायचा, 'मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद यांच्यावर आमच्या ऑफिसचा चतकोर भाजला जायचा', आणि शेवटी म्हातारा पावाचा एक चतकोर मोडून त्याला लोणी लावतो. चतकोर भाकरीचा पण असतो आणि पावाचा पण होऊ शकतो, दोन्हीकडे पाय ठेवणारा तेवढा एकच शब्द मला सापडला. 'भाजला जायचा' थोडं ओढूनताणून वाटतंय खरं, 'निघायचा' करून बघा. बाईंना दोन्ही पाठवा, आणि कारकुनाचं पोळी-टाळीवालं वाक्य त्यांनी कापलं तर मात्र भांडा.